देवघरातला बॅकअप

"हिरवा दिवा लागतोय की, जावईबापू! रोज सकाळी लागतोय," असं म्हणून सासूबाईंनी माझ्या बशीत आणखी दोन मुठी भडंग ओतलं. जावयाचं तोंड बंद करायची ही खास सांगलीची पद्धत. तोंडात भडंग असताना माणसाला वाद घालता येत नाही.

मी घातला. बँकांच्या माहितीचे साठे सांभाळणं हा माझा पुण्यातला धंदा आहे आणि बॅकअपच्या बाबतीत मी सासुरवाडीचीही भीड ठेवत नाही.

"दिवा लागला म्हणजे पेटी जागी आहे एवढंच, आई. पेटीत काय पोचलं ते दिव्याला ठाऊक नसतं."

"मग दिवा लावलाय तरी कशाला?" त्या म्हणाल्या. प्रश्न बिनतोड होता. पेटी बनवणाऱ्या कंपनीला मीही तो विचारला होता, आणि तिकडून अजून उत्तर आलेलं नव्हतं.

समोर आरामखुर्चीत तात्या बसले होते. तात्या म्हणजे माझे सासरे, श्रीपतराव माने. सांगलीच्या बाजारात त्यांनी उभी हयात लिलावात हळदीचे सौदे पुकारले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. हातपाय सावरले, पण वाचा गेली ती गेलीच. ज्याच्या एका हाळीवर अख्खा बाजार मान वळवायचा, तो माणूस पाणी मागायला तांब्या वाजवायला लागला. मला तेव्हा त्यांच्याकडे बघवत नसे.

त्यांना पुन्हा बोलतं केलं ते वाचासेतूने. हे यंत्र समजायला फार अवघड नाही. तोंडातून शब्द निघायच्या आधी मेंदूत बोलायची इच्छा उमटते. तात्यांच्या मेंदूतली शब्द जुळवून जिभेकडे धाडणारी जागा मेली होती, पण इच्छा उमटणारी जागा शाबूत होती. तिथे कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ जाळी बसवली. जाळी मेंदूतली हालचाल टिपते आणि कानामागच्या बटणाएवढ्या चिपला कळवते. कोणत्या हालचालीचा अर्थ कोणता शब्द, याचा नकाशा त्या चिपमध्ये असतो. चिप शब्द ओळखते आणि गळ्यातल्या ताईताएवढ्या स्पीकरमधून तो बाहेर पडतो. आवाज तात्यांचाच, बाजारातल्या जुन्या रेकॉर्डिंगवरून तयार केलेला.

सगळी गोम त्या नकाशात आहे. तो प्रत्येकाचा वेगळा असतो आणि रोज बदलतो, कारण दुखावलेला मेंदू रोज नवी वाट शोधत असतो. नुसतं 'चहा' म्हणायला तात्यांना महिना लागला होता. चिप बिचारी दिवसभर लिहिते, पुसते, पुन्हा लिहिते, आणि शेवटी पुसून पुसून शाळेतल्या पाटीसारखी झिजते. मग नवी चिप बसवायची आणि तिच्यात जुना नकाशा ओतायचा. त्यासाठी रोज रात्री तात्या गाढ झोपले की नकाशाची प्रत घरातल्या साठवणपेटीत उतरते. झोपेतच, कारण जागा माणूस गप्प बसला तरी मनात बोलतच असतो आणि नकाशा हलत राहतो. पळत्या कोंबड्या मोजता येत नाहीत, तसंच ते.

आणि प्रत घरातच ठेवायची, बाहेर कुठे नाही. आता कायदाच आहे तसा. मेंदूतली माहिती घराचा उंबरा ओलांडणार नाही. पेटीला सरकारी सील असतं, ती जागेवरून उचलली की कुलूपबंद होते, आणि ते कुलूप उघडायला अर्ज करून महिना वाट बघावी लागते. कायदा चांगलाच आहे. पण त्यामुळे एका बँकेच्या तोडीची जबाबदारी पावाच्या लादीएवढ्या पेटीवर आणि माझ्या सासूबाईंवर येऊन पडली होती.

तात्यांची चिप परवा बदलायची होती. म्हणून मी आणि माझी बायको शर्वरी सांगलीला आलो होतो. आमच्या धंद्यात एक नियम आहे: बॅकअप घेतलाय असं म्हणू नये, उघडून बघितलाय असं म्हणावं. मी सासूबाईंच्या परवानगीने पेटीतली प्रत उघडून बघितली. शेवटची अखंड प्रत नवरात्रातली होती. दसऱ्यापासून आजपर्यंतची प्रत्येक रात्रीची प्रत सुरू झाली होती आणि अर्ध्यात तुटली होती. बाहेर फाल्गुन संपत आला होता.

"म्हणजे नव्या चिपमध्ये नवरात्रातले बाबा येणार?" शर्वरीने मला माडीवर नेऊन विचारलं.

"तसंच काहीसं. मधले शब्द जातील. मेंदू पुढे गेलाय आणि नकाशा मागचा, म्हणजे म्हणायचं एक आणि निघायचं भलतंच. डॉक्टर म्हणाल्या, काही वाटा पुन्हा सापडतील, काही नाही सापडणार."

"आणि मालन?"

तो शब्द नवरात्रानंतरचा होता.

मालनचं असं झालं होतं. संक्रांतीला आम्ही इथेच होतो. सासूबाईंनी तात्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि ताईतातून शब्द आला, "मालन." लगेच माझ्या मोबाइलवर चिपचा प्रश्न उमटला: हा शब्द घरातल्या नावांत नाही, चूक म्हणून पुसायचा का? माझं बोट 'हो'वर टेकलंच होतं. या घरात मालन कुणीच नव्हतं. सासूबाईंचं नाव सुनेत्रा.

"राहू द्या," सासूबाई म्हणाल्या. "चूक न्हाई ती."

मालन हे त्यांचं माहेरचं नाव. लग्नात तात्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने 'सुनेत्रा' लिहिलं आणि मालन मागे राहिली. पुढे आई गेली, वडील गेले, भाऊ गेला, आणि त्या नावाने हाक मारणारं जगात कुणी उरलं नाही. तात्यांचं तर सगळं आयुष्य 'अगं'वर भागलं होतं. पण दुखावलेला मेंदू नवी वाट शोधत निघाला तो थेट कवठेपिरानला, सासूबाईंच्या माहेरच्या घरात जाऊन पोचला, जिथे पोह्यांची बशी घेऊन मालन नावाची एक मुलगी पुढे आली होती. संक्रांतीपासून तात्या दिवसभर तिला हाका मारत होते. काम असो नसो. सासूबाई "काय सारखं सारखं!" म्हणून करवादायच्या आणि पुढची हाक येईपर्यंत कान तिकडेच ठेवायच्या. हे सगळ्या घराला दिसत होतं.

तो शब्द जाऊ द्यायचा नाही, एवढं मी ठरवलं. आणि मला, खरं सांगतो, फारशी काळजी वाटत नव्हती. पेटीचं दुखणं शोधणं म्हणजे माझ्या हातचा मळ.

पेटी देवघरात होती. ती बसवायला आलेल्या माणसाने विचारलं होतं की कोरडी, धक्का न लागणारी, कुणी हात न लावणारी आणि झोपायच्या खोलीला लागून अशी जागा कोणती. घरात अशी जागा एकच. शिवाय "ह्यांचं बोलणं आहे त्यात, ते काय चपलांच्या कपाटावर ठेवायचं?" हा सासूबाईंचा मुद्दा होताच. देवघर मोठं होतं, सागवानी, आतून आणि दारांवर ठोकीव पितळी पत्रा मढवलेलं. तात्यांनी साठी झाल्यावर हौसेने करून घेतलेलं. खालच्या फळीवर कुलदैवताच्या टाकांशेजारी पेटी बसली होती. सासूबाई तिलाही रोज हळदकुंकू वाहत.

मदतवाहिनीवरच्या यंत्राने मला पेटी बंद करून चालू करायला सांगितलं. केली. मी पेटीची आज्ञावली अद्ययावत केली, वीज तपासली, शेजाऱ्यांच्या यंत्रांचा अडथळा होतो का ते पाहिलं. दर वेळी जवळ जायच्या आधी सासूबाई मला अंघोळीला पिटाळत, देवघराची दारं सताड उघडत, निरांजन लावत, आणि मगच म्हणत, "हं, करा आता काय करायचं ते." दर वेळी चाचणीचा तुकडा चिपमधून पेटीत झरझर उतरे. दुखणं डॉक्टरसमोर गायब होतं म्हणतात, तशी गत. दुपारपर्यंत मी जरा चिडलो होतो.

तेवढ्यात बाजारातून निरोप आला. तात्यांचे जुने सोबती, हळदीचे व्यापारी बाबगोंडा मगदूम वारले होते. तात्यांना गर्दीत नेणं शक्य नव्हतं, तेव्हा त्यांच्या वतीने मी निघालो. जाताना एक लांबलचक चाचणी लावून ठेवली आणि शर्वरीला तिच्यावर नजर ठेवायला सांगितलं.

मातीहून परत आलो तर शर्वरी दारातच उभी. "इतका वेळ मस्त चालली होती रे. आत्ता, एवढ्यात तुटली."

"आत्ता म्हणजे कधी?"

"तू फाटकातून आत आलास ना, तेव्हा."

मी आत पाऊल टाकणार तोच सासूबाई न्हाणीघराकडे बोट दाखवत म्हणाल्या, "कुठं शिवू नका, आधी पाणी घ्या अंगावर. देवघर झाकलंय मी."

मी अंघोळ करून बाहेर आलो. सासूबाईंनी देवघराची दारं उघडली. शर्वरी हातातल्या मोबाइलचा पडदा बघत ओरडली, "सुरू झाली!"

मी तिथेच ओल्या डोक्याने उभा राहिलो आणि हसायला लागलो.

"आई, ही दारं रात्री बंद असतात?"

"म्हणजे काय! शेजारती झाली की देव निजतात. दारं नको लावायला?"

"आणि नवरात्रात?"

"नवरात्रात देव घटी बसत्यात. अखंड दिवा असतोय, तेल घालाय उठावं लागतंय. तवा कशाला लावीन दारं?"

झालं. चिप पेटीशी बोलते ती बिनतारी, आणि पितळेच्या बंद पेटाऱ्यात त्या लहरी शिरत नाहीत. दारांच्या फटीतून थोडी झुळूक आत जायची, तेवढ्यावर प्रत सुरू व्हायची, हिरवा दिवा लागायचा आणि पुढे कुठेतरी धागा तुटायचा. मी जावई म्हणून माझ्या मानाला दारं उघडली जात होती, त्यामुळे बंद दारांची पेटी मला कधी दिसलीच नव्हती. पेटी हलवणं शक्य नव्हतं, सील होतं. पण गरजही नव्हती. मी हात झटकत म्हणालो, "संपलं काम! आज रात्री दारं उघडी ठेवा, उद्या सकाळी प्रत तयार."

सासूबाई खाली बसल्या. "ते जमायचं न्हाई," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, सोवळ्याओवळ्याचं काही असेल. तसं नव्हतं. तात्या दवाखान्यात होते तेव्हा सासूबाईंनी जोतिबाला नवस बोलला होता: ह्यांची वाचा परत दे, मी जिती आहे तोवर तुला दाराआड निजवल्याशिवाय पाठ टेकणार नाही. तो त्यांनी ताप असताना पाळला होता, पाय मुरगळला तेव्हा भिंतीला धरून पाळला होता. नवरात्रात देव बसलेले, तेव्हा निजवायचा प्रश्न नव्हता. एरवी एक रात्र सुटली नव्हती.

मी त्यांना लहरी समजावल्या. तात्यांनी दिवसा झोपून बघावं असंही सुचवलं, त्यावर तात्याच हसले, कारण बाजारचा माणूस दिवसा झोपत नाही. निदान एक दार किलकिलं ठेवू म्हणालो. सासूबाई मान हलवत राहिल्या.

शेवटी शर्वरीचा तोल गेला. "आई, देव मोठा का बाबा मोठे?"

"बाबा मोठे म्हणूनच!" सासूबाईंचा आवाज चिरकला. "तुला काय वाटतंय, मला ते नाव नको हाय? पण ज्यानं वाचा दिली त्याला दिलेला शब्द मोडायचा, आणि उद्या त्यानं दिलेलं परत घेतलं तर? मग तुझी मशीन काय करंल गं?"

"वाचा मशीनने दिली, आई!"

"आणि मशीन कुणी दिली?"

मला मनातून शर्वरीचं पटत होतं, आणि सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघून ते तोंडावर आणायची लाज वाटत होती. आरामखुर्ची करकरली. तात्या पुढे सरकले होते. कानामागच्या चिपवर बारीक ठिपका लुकलुकला आणि ताईतातून एकेक शब्द यायला लागला.

"शरू… गप." मग ते सासूबाईंकडे वळले. "मालन… शब्द दिला… तर पाळायचा. सौदा… सौदा असतो. गेलं नाव… तर जाऊ दे. तुझं… खरं."

परवा हरवणार होता तोच शब्द वापरून ते तो सोडून द्यायला तयार झाले होते. शर्वरी उठून खिडकीपाशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

सासूबाई बराच वेळ देवघराकडे बघत होत्या. मग त्यांनी मला विचारलं, "जावईबापू, पितळातनं जात न्हाई म्हणताय. कापडातनं जातंय का?"

"काय?"

"अहो, त्या तुमच्या लहरी. कापड आडवं आलं तर अडत्यात का?"

"छे! कापड त्यांना दिसतसुद्धा नाही. गोधडी टाकली तरी आरपार जातील."

"मग देवळात शेज झाल्यावर काय करत्यात? पडदाच ओढत्यात की. म्या 'दाराआड' म्हटलं ते घरात दार हाय म्हणून. देवाला आडोसा पाहिजे, तो पितळंचाच पाहिजे असं जोतिबानं काय मला सांगितलं न्हाई."

त्या उठल्या ते थेट ट्रंकेपाशी. कुठलंही फडकं चाललं असतं. बिछान्यावरची चादर चालली असती. पण त्यांनी तळातून एक घडी काढली. पांढरं कापड पिवळं पडलं होतं आणि मधल्या कुंकवाच्या स्वस्तिकाचा नुसता तांबूस डाग राहिला होता. त्यांच्या लग्नातला अंतरपाट.

"ह्याच्या अलीकडं उभी होते तवर मी मालनच होते," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "नाव बदललं ते हे खाली आल्यावर."

त्या संध्याकाळी शेजारती झाली. सासूबाईंनी देवांवर मखमली दुलई घातली. दारं उघडीच राहिली, आणि चौकटीवर अंतरपाट लागला. एक टोक शर्वरीने धरलं होतं, दुसरं मी. खिळे तात्यांनी हातात दिले. मग सासूबाईंनी नेहमीसारखा नमस्कार केला आणि नेहमीसारखी पाठ टेकली.

सकाळी हिरवा दिवा लागला होता. मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. अंघोळ केली, प्रत उघडली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासली. अखंड होती. खात्री म्हणून आणखी एका रात्रीची प्रत घेतली, तीही अखंड उतरली. बॅकअपच्या बाबतीत मी सुखी माणूस होतो. तरी नव्या चिपने नकाशा नीट वाचेपर्यंत जीव टांगणीलाच असतो, हे मी घरात कुणाला सांगितलं नाही.

चिप बदलायला तस्नीम मुजावर नावाची तंत्रज्ञ आली. मोठी हुशार मुलगी. देवघरावरचा अंतरपाट बघून तिने भुवया उंचावल्या, मी कारण सांगितलं, तर म्हणाली, "आमच्या माहितीपत्रकात घालायला पाहिजे हे." तिने तात्यांच्या कानामागची झिजलेली चिप काढली, नवी बसवली, आणि पेटीतला नकाशा तिच्यात ओतायला लावला. तेवढा वेळ तात्या पुन्हा मुके होते. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं नुसती टकटक करत होती. शर्वरीने त्यांचा दुसरा हात घट्ट धरला होता. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि कोरडे हात पदराला पुसत होत्या.

"झालं, काका," तस्नीम म्हणाली. "बोला काहीतरी. कायबी बोला."

तात्यांनी दाराकडे पाहिलं. ठिपका लुकलुकला आणि विझला. ताईत गप्प. पुन्हा लुकलुकला, पुन्हा विझला. सासूबाईंनी नजर खाली घातली. मी मनातल्या मनात प्रतीचा एकेक भाग पुन्हा तपासायला लागलो.

मग तात्यांनी छाती भरून श्वास घेतला, बाजारातल्या ओट्यावर घ्यायचे तसा, आणि उजवा हात वर केला.

"मालन… एकवार!"

आजारानंतर तो सूर या घरात कुणी ऐकला नव्हता. तस्नीमच्या हातातला चिमटा खाली पडला.

"मालन… दोनवार!"

"अहो, हळू! परकी मुलगी बसलीय घरात," सासूबाई म्हणाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

"मालन… तीनवार!" आणि तात्यांनी तळहात खुर्चीच्या हातावर थाडकन मारला. बाजारात सौदा पक्का होतो, तो असाच.

शर्वरी रडत हसत होती. सासूबाई चार पावलं पुढे आल्या आणि त्यांनी तात्यांचा तो आपटलेला हात आपल्या हातात घेतला.

"पुकारायला लई वर्षं लावलीसा," त्या म्हणाल्या.